उंबरठ्याच्या आतली हजेरी: स्मार्ट वीजमीटर आणि घराच्या खाजगीपणाचा प्रश्न

स्मार्ट वीजमीटरविरुद्ध २०२४ पासून महाराष्ट्रात मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, ठिकठिकाणी मीटर बदलायला आलेल्या माणसांना परत पाठवले गेले. या आंदोलनांतून पुढे आलेले प्रश्न मुख्यतः पैशाचे होते. बिल वाढेल काय? भरलेले पैसे संपताच रात्री-अपरात्री वीज तुटेल काय? मीटरवाचन करून पोट भरणाऱ्या पोरांचे काय होणार? हे प्रश्न खरे आहेत आणि हातावर पोट असणाऱ्या माणसाला ते आधी सुचावेत यात नवल नाही. या असंतोषामुळेच सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे सरकारला जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. पण त्यानंतर 'टीओडी मीटर' या नावाने जे मीटर घरोघरी बसू लागले, तेही स्मार्टच आहेत. पैसे आधी घ्यायचे की महिना संपल्यावर घ्यायचे, एवढाच काय तो फरक पडला. नोंद घेण्याची त्यांची शक्ती तीच राहिली.

या नोंदीविषयी फारसे कोणी बोलत नाही. एका वस्तीतल्या बैठकीत मात्र एका वृद्ध बाईने नेमका तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "दादा, माझ्या सासऱ्याला पाटलाकडं रोज हजेरी द्यावी लागायची. हा मीटर तसाच आहे का? आत कोण आहे, कोण नाही, हे त्याला कळतं का?" बैठकीत काहीजण हसले. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नव्हते. तो प्रश्न अचूक होता आणि त्याचे उत्तर 'बऱ्याच अंशी होय' असे आहे. ते कसे, आणि त्याबाबत आपण कोणती भूमिका घ्यावी, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

१. मीटर काय नोंदवतो?

जुना चकतीचा मीटर आपण सर्वांनी पाहिला आहे. वीज वाहू लागली की आतली ॲल्युमिनियमची चकती फिरते, आकडे पुढे सरकतात, महिन्याने माणूस येतो आणि आकडा टिपून नेतो. मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या आकड्यातून वजा केला की वापर निघतो. वर्षाकाठी अशा बारा नोंदी होतात. या बारा आकड्यांवरून घर लहान की मोठे, उन्हाळ्यात पंखा जास्त चालतो की कमी, एवढे समजेल. त्यापलीकडे त्या घराविषयी फारसे काही समजणार नाही. मधल्या काळात त्यात इलेक्ट्रॉनिक मीटर आले, वाचणाऱ्याच्या हातात कॅमेरा आला. पण माणूस महिन्यातून एकदा दारात येई आणि एक आकडा घेऊन जाई, हे बदलले नव्हते.

स्मार्ट मीटरचे काम निराळे आहे. भारतीय मानकांनुसार बनलेला हा मीटर दर अर्ध्या किंवा पाव तासाचा वापर वेगळा साठवून ठेवतो. अर्ध्या तासाने नोंद धरली तर दिवसाला ४८ आणि वर्षाला १७,५२० नोंदी होतात. पाव तासाने धरली तर वर्षाला ३५,०४० होतात. म्हणजे जेथे बारा आकडे होते तेथे हजारो आले. शिवाय वीज केव्हा गेली, केव्हा आली, व्होल्टेज किती होते, मीटरचे झाकण उघडले गेले काय, जवळ लोहचुंबक आणले गेले काय, न्यूट्रलमध्ये बिघाड झाला काय, अशा घटनांचीही तारीख-वेळेसह नोंद होते. मीटरमध्येच वीज तोडण्या-जोडण्याची कळ असते आणि ती दूर बसून दाबता येते.

ही माहिती मीटरमध्ये पडून राहत नाही. मोबाईलच्या जाळ्यावरून किंवा एका मीटरकडून दुसऱ्या मीटरकडे अशा बिनतारी साखळीने ती मध्यवर्ती संगणकाकडे जाते, तेथून साठवणुकीच्या दुसऱ्या यंत्रणेकडे आणि तेथून बिलाकडे. वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा दुरून झाले पाहिजे. 'किमान' हा शब्द येथे ध्यानात ठेवावा. अधिकात अधिक किती वेळा, याची मर्यादा त्या ठिकाणी घातलेली नाही. मीटरमधली आज्ञावलीही दुरून बदलता येते. म्हणून आज अर्धा तास आहे तर उद्याही अर्धा तासच राहील, याची हमी यंत्राकडून मिळू शकत नाही. ती कायद्यानेच द्यावी लागेल.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या योजनेत देशभर २५ कोटी असे मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. ते २०२५ पर्यंत पुरे झाले नाही, पण काम थांबलेले नाही. महाराष्ट्रात सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे २०२३ साली खाजगी कंपन्यांना दिली गेली. मीटर बसवणे आणि वर्षानुवर्षे माहिती गोळा करून पुरवणे, ही दोन्ही कामे त्यांत आली. माहिती गुप्त ठेवण्याची कलमे अशा करारांत असतात. परंतु ज्याच्या घराची ही माहिती आहे तो वीजग्राहक त्या करारातला पक्षच नाही. करार मोडला गेला तर दाद मागायला तो कोणत्या तोंडाने जाणार?

२. आकड्यांवरून घर कसे वाचतात?

काहीजण म्हणतील, युनिटांचे आकडेच तर आहेत, त्यांतून कळणार काय? या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट नावाच्या अभियंत्याने १९८० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. घराच्या मुख्य तारेवर एकच उपकरण लावून आत कोणते यंत्र केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद झाले, हे त्या पद्धतीने ओळखता येई. प्रत्येक उपकरणाची वीज ओढण्याची एक रीत असते. फ्रीज ठराविक वेळाने चालू-बंद होतो. इस्त्री एकदम मोठा भार घेते, तापली की सोडते, पुन्हा घेते. पाण्याच्या मोटारीला सुरू होताना झटका लागतो. ही रीत म्हणजे त्या उपकरणाची सहीच. या शोधाचा हेतू विजेची बचत हा होता. पण आपण काय तयार केले आहे हे हार्ट यांच्या लवकरच ध्यानात आले आणि या पद्धतीचा उपयोग पाळतीसाठी होऊ शकतो, असा इशारा त्यांनी स्वतःच १९८९ साली एक लेख लिहून दिला. ज्याने यंत्र घडवले त्यानेच धोक्याची घंटा वाजवली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पुढे २०११ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथील संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. दर दोन सेकंदांनी नोंद घेणाऱ्या मीटरची माहिती घेऊन त्यांनी घरातल्या टीव्हीवर कोणता चित्रपट चालू आहे हे ओळखून दाखवले. पडद्यावर उजेड-अंधार बदलतो तसा टीव्हीचा वीजवापर बदलतो, त्यावरून.

आपल्याकडची नोंद अर्ध्या किंवा पाव तासाची आहे. तिच्यावरून चित्रपट ओळखता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अतिशयोक्ती केली तर आपल्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. परंतु अर्ध्या तासाची नोंदही थोडी नाही. घर पहाटे किती वाजता जागे होते, कामाला किती वाजता रिकामे होते, दिवसा मागे कोणी राहते काय, सणाला कुलूप लावून गावी गेले काय, रात्री दोन वाजता दिवा का जळतो, घरात माणसे अचानक वाढली काय, घरातच शिवणयंत्र किंवा पापडाचे यंत्र रोज सहा तास चालते काय, हे सारे त्यावरून काढता येते. एका दिवसाच्या नोंदीवरून फक्त तर्क करता येतो. वर्षभराच्या नोंदीवरून त्या घराची दिनचर्या हाती येते आणि दिनचर्या हाती आली की तिच्यात झालेला बदलही दिसतो. त्या वृद्ध बाईच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. मीटर माणसाचे नाव घेत नाही, पण हजेरी मांडतो.

३. आजवर नोंद कोणाची झाली?

खाजगीपण हा सुखवस्तू माणसाचा चोचला आहे, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात तेथे कसले आले खाजगीपण, असा आक्षेप आपल्याच चळवळीतील काही मित्र घेतात. हा आक्षेप वरवर क्रांतिकारक वाटतो. पण इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. ज्याला खाजगीपण कधी मिळालेच नाही त्याला त्याची गरज नाही, असे म्हणणे म्हणजे ज्याला पाणी मिळाले नाही त्याला तहान नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंदवही झाली. पारधी, कैकाडी अशा जमातींतील माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर परवाना काढावा लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. हा कायदा देशभर १९५२ साली रद्द झाला. पण नोंदवहीची सवय गेली नाही. कुठे चोरी झाली की पहिली झडती पालावर, हा अनुभव लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'पासून (१९८७) मराठी वाचकाला माहीत आहे. तुरुंगांतील कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. यावरून ही सवय किती खोल गेली आहे ते दिसते.

नोंदवहीचा दुसरा अनुभव बाबासाहेबांचाच आहे. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नोंदवहीत पारशी नाव लावून त्यांना आसरा घ्यावा लागला. काही दिवसांत ते उघडकीस आले आणि हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आपण कोण आहोत हे न सांगता चार भिंतींत राहता येणे, याची किंमत अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या माणसाइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? शहरात खोली शोधताना आडनाव सांगताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आजही पुस्तकी वाटत नाही.

तेव्हा नोंद ही निर्विकार गोष्ट नाही. नोंद कोण करतो, कोणाची करतो आणि ती कोणाच्या हाती जाते, यावर तिचा अर्थ ठरतो. सारखेच मीटर सर्वांच्या घरी बसले तरी त्यातून निघणारी माहिती सर्वांना सारखी लागू होणार नाही. ग्राहकाच्या नावात आडनाव असते आणि पत्त्यात वस्ती असते. या दोन गोष्टी आपल्या समाजात जात सांगायला पुरेशा आहेत. त्यांना दिनचर्येची जोड मिळाली की कोणत्या वस्तीतले कोणते घर केव्हा काय करते, याचा तक्ता तयार होतो. जुन्या घरातल्या सदोष वायरिंगमुळे मीटरमध्ये बिघाडाची घटना उमटली तर एखाद्या बंगल्याच्या बाबतीत ती तांत्रिक अडचण ठरेल. वस्तीच्या बाबतीत तीच घटना आकडे टाकून वीजचोरी केल्याचा पुरावा ठरण्याची भीती आहे.

४. बाबासाहेबांच्या दोन मागण्या

या प्रश्नाचा विचार करताना एक योगायोग आपल्या उपयोगी पडतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये पुनर्रचना धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, औद्योगिकीकरणावाचून या देशातील दारिद्र्य हटणार नाही आणि विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, अशी मांडणी केली. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. यंत्राला घाबरणारी परंपरा आपली नाही. दिवा वस्तीत आला पाहिजे, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

त्याच बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सादर केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण मिळावे आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, अशी तरतूद आहे. ही तरतूद पुढे गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेबांनी ती उपयुक्त असल्याचे सांगून स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरीही ती घटनेत आली नाही.

या दोन मागण्या एकाच माणसाच्या, सहा वर्षांच्या आतल्या आहेत. एक, घरात वीज यावी. दोन, सत्तेने घरात शिरू नये. स्मार्ट मीटरच्या निमित्ताने आपल्याला सांगितले जाते की यांतली एक हवी असेल तर दुसरी सोडा. ही अट आपण का मान्य करावी?

त्याच निवेदनात पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असेही म्हटले आहे. आज वीजवाटप सरकारी कंपनीकडे असले तरी घराघरांतली माहिती गोळा करण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले आहे, हेही या संदर्भात नोंदवले पाहिजे.

५. धोका प्रत्यक्षात कोठून येईल?

पहिला धोका कल्याणकारी योजनांच्या चाळणीचा आहे. आंध्र प्रदेशात २०१९ नंतर पेन्शन आणि रेशनकार्डाच्या पात्रतेसाठी ज्या कसोट्या लावल्या गेल्या, त्यांत महिन्याचा वीजवापर ३०० युनिटांच्या आत असावा अशी एक होती. तामिळनाडूत २०२३ साली सुरू झालेल्या महिलांच्या मासिक मानधन योजनेत वर्षाला ३६०० युनिटांहून अधिक वीज वापरणारी कुटुंबे वगळण्यात आली. आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेची तपासणी २०२५ मध्ये परिवहन खात्यातील चारचाकी वाहनांच्या नोंदींच्या आधारे झाली. एका कामासाठी घेतलेली नोंद दुसऱ्या कामाला कशी जुंपली जाते, याचे हे नमुने आहेत. आमच्या घरात मीटर एक असतो आणि चुली तीन असतात. तीन भावांचा वापर एका नावावर पडतो. अशा वेळी मीटरच्या आकड्यावरून म्हातारीचे पेन्शन तोडायचे काय? महिन्याच्या एका आकड्याने एवढे होऊ शकते, तर अर्ध्या तासाच्या नोंदींनी काय होणार नाही? ही बाई घरी बसून काम करते, म्हणजे निराधार नाही. हिच्याकडे कोणीतरी राहायला येते, म्हणजे ही एकटी नाही. असे निष्कर्ष काढणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

दुसरा धोका घरमालकाचा आहे. मीटर मालकाच्या नावावर असतो आणि रोजच्या वापराची माहिती मोबाईलवर ग्राहकाला, म्हणजे मालकाला, मिळते. भाडेकरू विद्यार्थी केव्हा येतो, केव्हा जातो, रात्री जागतो काय, त्याच्याकडे माणसे थांबतात काय, याचा अंदाज मालकाला जिना न चढताही घेता येईल. हेच घराच्या आतही घडेल. मीटर बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. कामावर गेलेल्या संशयी नवऱ्याला बायको दिवसभर घरी होती काय, हे पाहायला एक नवे साधन मिळेल. आंतरजातीय विवाह करून लपून राहणाऱ्या जोडप्याला रिकाम्या म्हणून सांगितलेल्या घरात लागलेला दिवाही महाग पडू शकतो.

तिसरा धोका पोलिसांचा. झडतीला जायचे तर कारण दाखवावे लागते, पंच लागतात, दारात उभे राहावे लागते, आणि शेजारपाजार पाहत असतो. मीटरच्या नोंदी मागवायला यातले काहीच लागत नाही. ज्याची झडती झाली त्याला ती झाल्याचा पत्ताही लागत नाही.

६. कायदा कोठे उभा आहे?

उत्तर प्रदेशातील खरकसिंग यांना दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सोडून देण्यात आले होते, तरी पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली. रात्री घरी येऊन दार ठोठवायचे, झोपेतून उठवायचे, असा क्रम चालला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खाजगीपण हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. न्या. सुब्बाराव यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. पंचावन्न वर्षांनंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपण हा जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. या हक्काला मर्यादा घालायची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्यासाठी कायदा आहे, हेतू न्याय्य आहे, आणि योजलेला उपाय हेतूच्या प्रमाणात आहे.

ही तिसरी कसोटी मीटरला लावून पाहा. वीजकंपनीचे हेतू तीन सांगितले जातात. पहिला, बिल. दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांना वेगळा दर लावायचा असला तरी प्रत्येक प्रहराची महिन्याची बेरीज पुरते आणि ती बेरीज मीटर आतल्या आत करू शकतो. म्हणजे चार-सहा आकडे बाहेर आले तरी बिल होते. दुसरा, वीजचोरी. रोहित्रावर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावर, मीटर बसवून त्याचा आकडा आणि त्याखालच्या घरांची रोजची बेरीज ताडून पाहिली की गळती कोठे आहे ते समजते. तिसरा, मागणीचा अंदाज. तो फीडरच्या आणि रोहित्राच्या नोंदीवरून येतो. त्यासाठी अमुक माणूस केव्हा झोपला हे कळण्याची जरुरी नाही. तेव्हा प्रत्येक घराची प्रत्येक अर्ध्या तासाची नोंद नावानिशी बाहेर नेणे हे हेतूच्या प्रमाणात आहे, असे म्हणता येत नाही.

इतर देशांत हा वाद होऊन गेला आहे. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करणारे विधेयक एप्रिल २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडले. ग्राहक संघटनेने टिलबर्ग विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला होता आणि ही सक्ती युरोपीय मानवी हक्क करारातील खाजगी जीवनाच्या हक्काशी विसंगत असल्याचे त्यात दाखवले होते. सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली आणि पुढच्या कायद्यात नकार देण्याची मुभा ठेवावी लागली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये सांगितले की सरकारी वीजसंस्थेने पाव-पाव तासाची नोंद गोळा करणे ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे. त्या न्यायालयाने ती झडती वाजवी ठरवली, कारण तिचा हेतू गुन्हेतपासाचा नव्हता. परंतु नोंद अधिक बारीक झाली किंवा ती पोलिसांना सहज मिळू लागली तर निर्णय वेगळा लागू शकेल, असेही स्पष्ट केले. 'मीटरची नोंद म्हणजे झडती' हे तत्त्व एका न्यायालयाने मान्य केले, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा मोठा अधिकार याच कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये बदल करून 'वैयक्तिक माहिती'च्या नावाखाली माहिती नाकारणे सोपे केले. अर्थ असा की नागरिकाच्या घराला भिंती कमी आणि कार्यालयाला जास्त.

७. आपण काय मागावे?

"तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जाईल. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या घराची झडती कधी झालेली नसते. आपले उत्तर सरळ असावे. लपवण्यासारखे काही नाही म्हणून कोणी दार काढून ठेवत नाही. दार हे चोराचे लक्षण नाही. माणसाच्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे.

मीटर फोडा, असे आमचे म्हणणे नाही. सरासरीची खोटी बिले, चुकीची वाचने, वस्तीत आठ-आठ तास गेलेल्या विजेची नोंदच नसणे, हे सारे आपण भोगले आहे. वीज केव्हा गेली याची खरी नोंद आपल्याही हाताशी आली तर ती भांडायला उपयोगी पडेल. म्हणून मागणी यंत्राविरुद्ध न करता नोंदीच्या मालकीविषयी केली पाहिजे. ती अशी:

एक, घरगुती ग्राहकाची अर्ध्या-पाव तासाची नोंद मीटरमध्येच राहावी. बिलासाठी प्रहरवार बेरीज तेवढी बाहेर जावी. याहून बारीक नोंद हवी असेल तर ग्राहकाची लेखी, मागे घेता येणारी संमती घ्यावी आणि संमती नाकारली म्हणून वीज नाकारू नये.

दोन, वीजवापराची माहिती रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती वा अन्य योजनेच्या पात्रतेसाठी वापरण्यास कायद्याने बंदी असावी.

तीन, न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती पोलिसांना देऊ नये आणि दिली तर ग्राहकाला ठराविक मुदतीत कळवावे.

चार, नोंद किती दिवस ठेवायची याची मर्यादा असावी. कंत्राटदाराने ती अन्य कोणाला दिल्यास ग्राहकाला थेट भरपाई मागता यावी.

पाच, भाड्याच्या घरात नोंद पाहण्याचा हक्क राहणाऱ्याचा असावा, मालकाचा नसावा.

सहा, मीटर काय नोंदवतो हे साध्या मराठीत छापून मीटर बसवतानाच हाती द्यावे.

या मागण्या राज्य वीज नियामक आयोगापुढे मांडता येतात. दरनिश्चितीच्या आणि विनियमांच्या मसुद्यांवर आयोग हरकती-सूचना मागवतो. त्या पाठवण्याला वकील लागत नाही. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतल्या दहा घरांत बसून मीटर समजावून सांगावा, लोकांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात आणि सहीनिशी पाठवाव्यात. आजवर वस्तीच्या नोंदी दुसऱ्यांनी केल्या. ही नोंद वस्तीने स्वतः करावी.

त्या वृद्ध बाईच्या सासऱ्याची हजेरी थांबायला कायदा रद्द व्हावा लागला, आणि तो आपोआप रद्द झाला नाही. नवी हजेरी तर आपल्याच भिंतीवर, आपण वापरलेल्या विजेच्या आधारे घेतली जात आहे. तिची सवय होण्याआधीच आपण बोलले पाहिजे.